कंबर बावीस, वय चार

शिवप्पा मास्तर दुकानातून बाहेर पडतात तेव्हा चपला विसरतील, चष्मा विसरतील, पण गळ्यातला टेप विसरत नाहीत. लग्नाच्या पंगतीत तो टेप त्यांच्या गळ्यात असतो, देवळात असतो. एकदा तर मर्तिकाला आले तेही टेप घालूनच. कुणीतरी कानाशी म्हणालं, "मास्तर, आज तरी काढायचा की." मास्तर म्हणाले, "काढला की मान उघडी पडल्यासारकी वाटती."

मास्तर म्हणजे शिकवणारे नव्हेत, शिवणारे. भवानी पेठेत आमच्या घरापासून चार दुकानं सोडून त्यांचं दुकान. शाळेचे गणवेश सोडून दुसरं काही शिवत नाहीत. वय सत्तरीकडे झुकलेलं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, मापं राहतात. रस्त्यात पोरगं दिसलं की हाक येते, "काय रे चोवीस छाती, आज शाळा न्हाय व्हय?" आणि गंमत म्हणजे चोवीस छातीला कळतं, आपल्यालाच हाक मारली.

त्यांच्याकडे जाड पुठ्ठ्याची एक वही आहे. दर जूनमध्ये तिच्यात पेठेतल्या मुलांची नोंद होते. नाव, वय, उंची, छाती, कंबर. वय कशाला, तर पुढच्या जूनपर्यंत पोरगं किती वाढेल याचा अंदाज बांधून शिवणीत माया सोडायची असते म्हणून. आता पालकांचं बघा. दुकानात आई सांगते, "आठवं लागलंय मास्तर, मोठं शिवा, दोन वर्सं गेलं पायजे." तीच आई त्याच आठवड्यात एस.टी.त त्याच पोराला मांडीवर घेऊन सांगते, "पाचवं लागायचंय अजून." म्हणजे आमच्या पेठेत प्रत्येक मुलाला दोन वयं. एक शिंप्यासाठी, एक कंडक्टरसाठी. खरं वय या दोहोंच्या मध्ये कुठंतरी असतं आणि ते फक्त मास्तरांच्या वहीत सापडतं. कारण मास्तर आईचं ऐकून घेतात, मान हलवतात, मग टेप लावतात, पोराला तोंड उघडायला लावून दात बघतात आणि स्वतःच्या मनाचा आकडा लिहितात. वर म्हणतात, "माप खोटं बोलत न्हाय."

एवढ्यावर थांबले असते तर मास्तर सगळ्यांचे लाडके राहिले असते. पण ते एस.टी.तही मापं घेतात. टेपशिवाय, नुसत्या नजरेनं.

गेल्या जूनची गोष्ट. वहिनी, तिचा मुलगा आर्यन आणि मी मंद्रूपला निघालो होतो, वहिनीच्या माहेरी. मास्तर आमच्या मागच्या बाकावर होते. आर्यन तेव्हा सहा वर्षं तीन महिन्यांचा होता. कंडक्टर आला. बायकांना अर्धं तिकीट आहेच, वहिनीनं आमची दोन घेतली.

"आणि ह्याचं?"

"त्याला कशाला? चारचा हाय. पाच पुरी न्हाईत अजून."

कंडक्टरनं आर्यनकडे पाहिलं. आर्यन हसला. पुढचे दोन दात गायब.

"चार वर्सांत दात पडले व्हय, वैनी?"

"जिन्यावरनं पडलाय तो," वहिनी म्हणाली. एक क्षणही न थांबता. खोटं बोलायला कल्पकता लागते आणि आमच्या वहिनीकडे ती भरपूर आहे.

तेवढ्यात मागून आवाज आला. "ओ कंडक्टर, जिन्यावरनं पडून कंबर वाडत नसती. बावीस हाय. उंची पंचेचाळीस. सहा पुरी झाल्यात त्याला."

अख्खी गाडी हसली. मास्तरांनी मागून पैसे पुढे केले. "ह्ये घ्या. पोराचं अर्धं फाडा."

वहिनी उभीच राहिली. "भीक देताय व्हय आमाला?"

"तुमाला न्हाय वो बाई. त्याला देतोय."

"त्याचा नि तुमचा काय संबंध?"

"त्याचं माप माझ्याकडं हाय की."

मी या सगळ्यात काय केलं? खिडकीबाहेर पाहिलं. हे लिहिताना लाज वाटते, कारण मी अशा घरात वाढले जिथे खोट्याविरुद्ध बोलायची फार सवय होती. माझे वडील हँडबिलं छापणाऱ्या छापखान्यात होते. सभा, संप, मोर्चे, सगळ्यांची पत्रकं तिथून निघायची आणि उरलेली आमच्या घरी यायची. माझ्या गणिताच्या वहीला जाहीर निषेधाचं कव्हर होतं. कॉलेजात गेल्यापासून मी स्वतःच पत्रकं लिहायला लागले. पाण्यावर लिहिलं, डोनेशनवर लिहिलं. पण पत्रकातला अन्याय अनोळखी माणूस करतो. इथे माझी वहिनी करत होती, आणि ती सकाळी मला गरम भाकरी वाढते.

मंद्रूपला उतरल्यावर आर्यननं माझा हात धरला. "आत्या, मी बसमध्ये कितीचा?"

"सहाचा."

"मग मम्मी चार म्हटली ती?"

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"आणि हितं आज्जीकडं कितीचा?"

तो रडत नव्हता, रागावलेला नव्हता. नव्या गावाचे नियम विचारून घ्यावेत तसं विचारत होता. उत्तर मिळेपर्यंत आज्जीच्या दारात उभा राहिला, आत जाईना.

सोलापूरला परत आल्यावर पेठेत मास्तरांची दशा झाली. वहिनीनं गोष्ट सांगितली ती अशी की, "मास्तर पोरांची मापं चारचौघांत वरडून सांगतेत. आज पोराची सांगितली, उद्या पोरींची सांगतील." हे लागलं. वाक्य विषारी होतं आणि, खरं सांगायचं तर, सगळंच चुकीचंही नव्हतं. बायका तयार गणवेशाच्या दुकानाकडे वळल्या. मास्तर मुलींची मापं घ्यायला शेजारच्या शिलाई मशीनवाल्या बाईंना बोलवत असत, आधीपासूनच. ते कुणी आठवलं नाही. दिवाळीपर्यंत त्यांच्या दोन मशीनांपैकी एकीवर कापडी खोळ चढली. मास्तर दुकान उघडून बसत आणि समोरून जाणाऱ्या पोरांकडे बघत. हाक मारत नसत.

मला राहवेना. बसमध्ये गप्प बसल्याचं प्रायश्चित्त म्हणून मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'अर्ध्या तिकिटाची चोरी'. लहान खोट्यातूनच मोठा भ्रष्टाचार जन्मतो, जो बाप तिकिटात खोटं बोलतो त्याला पुढाऱ्याला नावं ठेवायचा अधिकार नाही, असं बरंच काही. लिहिताना मलाच स्फुरण चढलं होतं. शेवटी जागा मोकळी सोडली होती. तिथे मला नावं हवी होती.

मी कागद घेऊन मास्तरांकडे गेले. म्हटलं, "तुमची वही द्या. कोण आपल्या पोराचं वय किती चोरतं, ते पुराव्यानिशी छापू. पेठेला कळू दे तुम्ही बरोबर होता."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि संपूर्ण पत्रक वाचलं. ओठ हलवत, बोट फिरवत. मग कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि 'चोर' हा शब्द जिथे जिथे होता तिथे तिथे आडवी रेघ मारली. सात ठिकाणी.

"कापड चांगलं हाय पोरी," ते म्हणाले. "बेतलंय चुकीचं."

"काय चुकलं?"

"ह्यात सरकार हाय, देश हाय, पुडारी हाय. पोरगं कुटं हाय?"

मी चिडून म्हटलं, "मग तुम्ही तरी बसमध्ये कशाला बोललात? तुम्हालाही तेच खटकतं ना?"

"सरकारचं पैसं वाचवायला बोललो व्हय मी?" मास्तर हसले. "गाडी काय थांबती का एका पोरापायी? आईबाप पैसं वाचवतेत, त्यात पाप न्हाय. माझ्याकडंबी कापड वाचवायलाच येतेत की. पन पोराला म्हनायचं, तू जेवडा हायस तेवडा न्हाईस. ते मला बगवत न्हाय. मग तोंडातनं निगतं. माजंबी चुकतंच. मापं वरडून सांगायची नसतेत."

"मग वही?"

"यप्पा! ती पोरांची मापं हायत. पुरावा न्हाय."

मी कागद घडी घालून परत आले. रागावलेच होते. मला वाटलं, धंद्याला घाबरले.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली. मी आर्यनला घेऊन गेले. सर्कशीच्या तंबूबाहेर पाटी होती, पाच वर्षांखालील मुलांना मोफत. रांगेत आर्यननं माझी ओढणी ओढली आणि हळू विचारलं, "हितं कितीचा?"

"सहाचा," मी म्हटलं.

"खरंच?"

"खरंच."

आमची पाळी आल्यावर खिडकीतल्या माणसानं काही विचारायच्या आत तो ओरडला, "सहा! मी सहा!" त्या माणसानं घाबरून तिकीट फाडलं.

खेळ संपल्यावर बाहेर पडलो तेव्हा आर्यन म्हणाला, "आत्या, बावीस कंबरवाले मामा." हरवलेल्या मुलांसाठी जत्रेत कर्ण्याचा मांडव असतो, त्याच्या कडेला लोखंडी खुर्चीवर शिवप्पा मास्तर बसले होते. टेप गळ्यात.

त्यांनी आर्यनला नजरेनं मोजलं. "तेवीस," हळूच म्हणाले, फक्त त्याला ऐकू जाईल असं. मग मला म्हणाले, "बस की."

माइकवरचा तरुण स्वयंसेवक हसत म्हणाला, "ताई, मास्तर दर वर्षी येतेत. जत्रा हाय तवर रोज संध्याकाळी. मी यायच्या आदीपासनं."

"कशाला?" मी मास्तरांना विचारलं.

त्यांनी जे सांगितलं ते असं.

त्यांची मुलगी रेणुका. आई ती लहान असतानाच गेलेली. रेणुका सहा वर्षांची होती तेव्हा तिला सर्कस बघायची होती आणि मास्तरांच्या खिशात एकाच तिकिटापुरते पैसे होते. घरापासून मैदानापर्यंत त्यांनी तिच्याकडून घोकून घेतलं. तिकीटवाल्यानं विचारलं, चार. पोलिसानं विचारलं, चार. कुणीबी काय बी विचारलं, चार. पोरगी हुशार, एकदाही चुकली नाही. सर्कस बघितली. बाहेर पडताना गर्दीत हात सुटला.

"हितंच आनलं तिला कुनीतरी," मास्तर म्हणाले. "बाई पोलीस होती. तिनं विचारलं, नाव काय? ही म्हनली, चार. बापाचं नाव काय? चार. कुटं राहतीस? चार. मग कर्ण्यावरनं सांगाय लागले. चार वर्साची मुलगी, निळं स्वेटर, नाव सांगत न्हाय. मी ऐकलं की ते. एकदा न्हाय, तीनदा ऐकलं. निळी स्वेटरं तर गल्लोगल्ली. मी म्हनलं, ही आपली न्हाय. आपली सहाची हाय. आनि पुडं पळालो."

आर्यन मास्तरांच्या टेपचं टोक बोटाला गुंडाळत होता.

"दोन तास हिंडलो. पाळण्याखाली बगितलं, विहिरीत वाकून बगितलं. शेवटाला हितं आलो तर बाकावर बसलेली. त्यांनी लाडू दिलेला हातात तसाच. मला बगून रडली न्हाय. घरी जाताना खांद्यावरनं कानात विचारती, बाबा, आता सहा म्हनू?"

"आता कुठे असते रेणुका?"

"पुण्याला. संसार हाय, नोकरी हाय. तिला ह्यातलं काय बी आटवत न्हाय. मी सांगितलं की हसती. म्हनती, बाबा, तुमी काय बी रचता." मास्तरही हसले. "बरं हाय. एकालाच आटवलं तर पुरं हाय."

तेवढ्यात एका फुगेवाल्यानं एक मुलगी आणून सोडली. गुलाबी कानटोपी, दोन्ही हातांत एक पिपाणी घट्ट धरलेली. स्वयंसेवकानं वाकून विचारलं, "नाव काय बाळ?" मुलीनं ओठ मिटले. "वय किती?"

"चार," ती स्पष्ट म्हणाली.

मास्तर उठले. दुकानाबाहेर त्यांनी टेप गळ्यातून काढलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मुलीसमोर गुडघे टेकून बसले, तिच्या टाचेपासून टोपीपर्यंत टेप धरला, मग स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. तीही तोंड उघडून उभी राहिली. मास्तरांनी दात बघितले आणि माइककडे मान वळवली. "नुसतं चार सांगू नका. सहा पुरी झाल्यात. दोनी सांगा."

सवयीचं असल्यासारखं त्या तरुणानं कर्ण्यावर सांगितलं, "गुलाबी कानटोपी घातलेली मुलगी सापडली आहे. वय चार किंवा सहा. चार किंवा सहा वर्षांच्या मुलीच्या पालकांनी मांडवापाशी यावं."

जवळून जाणारे दोघेतिघे हसले. दुसऱ्यांदा सांगून होतंय तोवर एक माणूस गर्दी कापत धावत आला. घामानं भिजलेला, एका पायात चप्पल नाही. मुलगी दिसताच मटकन खाली बसला. मला वाटलं, मास्तर आता बोलतील. हीच ती वेळ, असं माझ्यातल्या पत्रकवालीला अजूनही वाटत होतं.

मास्तर त्या माणसाशी एक शब्द बोलले नाहीत. त्याला पाण्याचा तांब्या दिला. मग मुलीच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटले. मुलीनं बापाकडे पाहिलं, पुन्हा मास्तरांकडे पाहिलं आणि पिपाणी तोंडाला लावून जोरात वाजवली.

ते दोघं गर्दीत दिसेनासे झाल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंत तिला?"

"म्हनलं, आता सहा म्हन. चालतंय."

त्यांनी टेप पुन्हा गळ्यात अडकवला आणि कर्ण्याकडे कान करून खुर्चीवर बसले.