चौकातील हिमपर्वत आणि पोशीबाईची सुरमई

श्रीसागरदेवतेचे पायी मस्तक ठेवून, कानी आले ते लिहिले, पदरचे थोडेच घातले. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख मासी, राज्यात ऊन ऐसे पडले की चौकातील डांबर रयतेचे जोड्यांस चिकटो लागले. ते समयी महाराज परदेशीची परिषद करून परत आले, आणि पृथ्वी तापते आहे हे वर्तमान त्यांस तेथील थंडगार दालनात कळले होते. मग महाराजांस मोठा कळवळा उत्पन्न जाहला, आणि ऊन म्हणजे काय हे रयतेस ठाऊक नसावे ऐसे मनात आणून त्यांनी नामांकित शिल्पी चंद्रहास यांस पाचारण केले. शिल्पी बोलिले, "भर चौकात बर्फाचा पर्वत उभारू. तो वितळेल. लोक पाहतील आणि अंतर्मुख होतील." महाराज प्रसन्न जाहले, आणि बंदरावरील कारखान्यातील यच्चयावत बर्फ सरकारजमा करण्याची आज्ञा जाहली, आणि वितळणे सर्वांस नीट दिसावे म्हणोन चौकातील सावलीची झाडेही तोडविली.

बंदराखालील वस्तीत पोशीबाई कोळीण राहात असे. तिचे कन्येचा साखरपुडा दुसरे दिवशी होता, आणि वस्तीची रीत ऐसी की पाहुण्यांस आपल्याच होडीची मासळी वाढावी. बाजारची वाढली तर व्याह्यांपुढे जन्माची मान खाली. त्या सकाळी तिचा घरधनी टोपली भरून सुरमई घेऊन आला. समुद्र तापून मासा दूर गेला होता, साऱ्या मोसमात ऐसी सुरमई लागली नव्हती, त्यामुळे बाईस हर्ष मावेना. मग ती बर्फ आणावयास कारखान्यावर गेली, तो तेथे चुराही नाही.

"सगळा पर्वताला गेला, बाई," कारकून म्हणाला. "हवामानासाठी."

"हवामानाला कनाला पायजे बर्फ?"

कारकुनाने हुकमाचा कागद उलटसुलट करून पाहिला, त्यात ते लिहिले नव्हते. मग बाईने विचार केला की सरकार मायबाप आहे आणि बर्फ तो बर्फ. ती टोपली घेऊन चौकात गेली, पर्वताचे पायथ्याशी कोयत्याने खाच पाडिली, सुरमया ओळीने मांडिल्या, वर ओले गोणपाट घातले आणि निश्चिंत मनाने घरी गेली. तिसरे प्रहरी महाराजांची स्वारी अनावरणास आली, आणि गोणपाट सारून पाहतात तो मेलेले मासे. शिल्पी यांस घाम फुटला, परंतु दरबारचे कलापारखी अनंतपंत गहिवरून बोलिले, "अहाहा! मृत सागर, हिमाचे कुशीत!" मग महाराजांचे नेत्र पाणावले, आणि शिल्पी तत्काळ म्हणाले की हेच माझे मनी होते, आणि भोवती दोर बांधून पहारा बसविला.

दुसरे दिवशी सकाळी पोशीबाई मासळी न्यावयास आली, तो पहारेकरी म्हणाला, "हात लावू नका. कलाकृती आहे."

"कंची कलाकृती? माजं म्हावरं हाय ते! पोरीचा साकरपुडा हाय आज!"

गलबला ऐकून अनंतपंत धावत आले, त्यांनी बाईस शाल दिली, नारळ दिला, 'सहकलावंत' ऐसा किताब दिला. मासळी तेवढी दिली नाही. पर्वत आता वासराएवढा उरला होता. आपल्या सुरमईकडे ऊन सरकताना पाहात बाई दोराशी बसली, पोरीची लाज आता कशी राखावी हा घोर तिला लागला, आणि येणारेजाणारे म्हणत होते की पाहा, ही कशी अंतर्मुख जाहली. इतक्यात त्याच वाटेने पाहुणे आले. विहीणबाई दांडगी, तिने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, "पोशीबाय, रडतेस कनाला? म्हावरं तुजं, सून माजी. ऊठ!" मग साऱ्या बायका पदर खोचून दोराखालून शिरल्या. पहारेकऱ्याने हुकूम मोठ्याने वाचण्यास आरंभ केला, आणि तो संपेतोवर सुरमई टोपलीत गेली होती आणि उरला बर्फही तिजवर गेला होता.

दुपारी मंडपात पंगत बसली, तोच महाराज कलाकृतीचा माग काढीत दरबारासह तेथे दाखल जाहले. पोशीबाईने चटकन पदर सावरला. दारी आला तो पाहुणा, म्हणोन तिने महाराजांस पाट दिला आणि पानात तळलेली तुकडी वाढली. ते समयी भरती लागली आणि पाणी मंडपात शिरून पंगतीचे घोट्यास लागले. कोणीही उठले नाही. सर्वांनी पाने उचलून मांडीवर घेतली आणि जेवण पुढे चालविले.

"हे काय?" महाराजांनी विचारिले.

"दर्या हाय, महाराज," बाई म्हणाली. "आता दर पुनवेला घरात येतो. बांध घाला म्हणून किती येला दरबारात आलो आमी."

महाराज बराच वेळ पाण्यात पाय हलवीत राहिले. बाई हातात परात घेऊन त्यांचे तोंडाकडे पाहात होती, आणि तिला खरेच वाटले की आता न्याय होतो.

"अपूर्व!" महाराज बोलिले. "शिल्पी कोण?"

अनंतपंतांनी टाळी वाजविली आणि सर्व दरबाराने वाजविली. मग पोशीबाई परात घेऊन पुढल्या पानाकडे वळली, आणि त्या राज्यात प्रथमच महाराजांस कोणी दुसऱ्या तुकडीचा आग्रह केला नाही.

येणेप्रमाणे पर्वत वितळला, सोयरीक जमली, महाराज अर्धपोटी उठले. बांध जाहला नाही. इतके घडले, इतकेच लिहिले.