दोन चेंडू बाकी असताना

षटक चालू असताना पांढऱ्या पडद्यासमोरून कुणी चालत गेलं, की आमच्या थॉर्नबीच्या मैदानावर पहिला आवाज उठायचा तो सिरिल बॅगशॉ यांचा. "बसा खाली!" फलंदाजाला समोरून येणारा चेंडू दिसावा म्हणून तो पडदा लावलेला असतो. त्याच्यासमोर माणूस हलला की चेंडू त्या माणसाच्या कोटात हरवतो. हे त्यांनी एकदा साक्षात बिशपना सुनावलं होतं, आणि बिशप मुकाट्याने मागे फिरले होते. मोटार चालवण्याच्या परीक्षेत लोकांना नापास करण्यात बॅगशॉ यांची उभी हयात गेली होती, त्यामुळे त्यांचा आवाज ऐकला की पाय आपोआप ब्रेक शोधायचा.

लग्न राहून गेलं होतं. उन्हाळाभर काउंटीचे सामने, हिवाळ्यात परदेशी गेलेल्या इंग्लंडच्या संघामागून रेडिओवरचा प्रवास. मध्ये लग्नाला जागा कुठे होती? इंग्लंड हरलं तर ते दोन दिवस बोलत नसत. काउंटी हरली तर जेवत नसत. आणि आमची काउंटी अशी, की त्यांच्या अंगाला कधी मांस धरलंच नाही.

पण अलीकडे काही वर्षं त्यांची नजर अधूनमधून खेळावरून घसरून पलीकडे चेस्टनटच्या झाडाखाली जायची. तिथे डोरीन लॉमॅक्स बसत. निवृत्त परिचारिका, नवरा जाऊन बराच काळ लोटलेला, मांडीवर चौकड्यांचं पांघरूण आणि हातात कायम एक विणकाम, जे कुणाच्याच अंगावर कधी दिसलं नाही. लंचच्या सुट्टीत प्रेक्षकांना मैदानात सोडतात. सगळे खेळपट्टीभोवतीच्या दोरीपाशी जमतात आणि आजाऱ्याच्या खाटेशी जमलेल्या नातेवाइकांसारखे माना हलवतात. तिथे ही दोघं शेजारीशेजारी उभी राहत.

"चहानंतर चेंडू फिरेल," बॅगशॉ म्हणत.

"फिरेल," लॉमॅक्सबाई म्हणत.

संपलं बोलणं. एवढ्या शिदोरीवर बॅगशॉ पुढच्या सामन्यापर्यंत तग धरत. मधले दिवस त्यांना खायला उठत, घरात केलेला एका माणसाचा चहा घशाखाली उतरत नसे. हे आम्हाला कसं ठाऊक? त्यांच्या शेजारी बसणाऱ्या नेव्हिल हॉर्सफॉलच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून.

सप्टेंबरातल्या शेवटच्या सामन्याचा शेवटचा दिवस. हरलो तर आमची काउंटी खालच्या श्रेणीत जाणार, अनिर्णित राखला तर वाचणार. म्हणजे नुसतं संध्याकाळपर्यंत टिकून राहायचं. लंचला दोरीपाशी नेहमीप्रमाणे गर्दी झाली. बॅगशॉ म्हणाले, "चहानंतर फिरेल."

"तेव्हा मी बघायला असेन की नाही, कुणास ठाऊक," लॉमॅक्सबाई म्हणाल्या. "संध्याकाळी भाचा गाडी घेऊन येतोय. रात्रीच्या विमानाने ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला चालले, लेकीकडे. कायमची."

बॅगशॉ यांच्या पायाखालची खेळपट्टी सरकली. बोलायचं पुष्कळ होतं. तोंडातून आलं ते एवढंच : "म्हणजे तुम्ही ॲशेस त्या लोकांमध्ये बसून बघणार?"

"बघेन आणि इंग्लंडसाठी टाळ्या वाजवेन. मारतील तर मारतील. आणखी काही विचारायचंय?"

"तिथली खेळपट्टी फलंदाजीला चांगली असते," बॅगशॉ म्हणाले.

बाईंनी पांघरूण खांद्यावर टाकलं आणि त्या झाडाकडे निघून गेल्या.

"असं म्हणालास?" नेव्हिलने कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, ती काय तिकडे सलामीला खेळायला चाललीय?"

"मग काय म्हणायचं होतं?"

"जाऊ नका म्हणायचं होतं! दोन शब्द. तुझ्या 'बसा खाली'इतकेच. उगाच जास्त जोर लागला नसता."

चहाच्या सुट्टीत सांगायचं, असं ठरलं. रिकाम्या हाताने जाणं बरं दिसणार नाही, म्हणून बॅगशॉ चहाच्या रांगेत उभे राहिले. पण आमच्या चहाच्या टपरीवर एकच किटली आणि ती काउंटीइतकीच संथ. रांग संपेपर्यंत सुट्टी संपली, खेळ सुरू झाला आणि आमचे दोन गडीही गेले. दोन्ही हातांत चहा, कोटाच्या खिशात कागदात गुंडाळलेला फ्रूटकेक, अशा थाटात बॅगशॉ कडेच्या वाटेने झाडाकडे निघाले. वाट पडद्यासमोरूनच जाते. पडद्याच्या कडेशी पोचतात तोच नववा गडी बाद झाला. शेवटचा फलंदाज आला, षटक चालू होतं, म्हणून बॅगशॉ शिस्तीत थांबले.

हा शेवटचा फलंदाज म्हणजे आमचा धिप्पाड वेगवान गोलंदाज. बॅट तो वाऱ्यात उलटलेल्या छत्रीसारखी धरायचा. तो दोन चेंडूही टिकेल असं त्याच्या आईलाही वाटलं नसतं. पण षटक निघालं. बॅगशॉ यांनी पाऊल उचललं.

"हलू नकोस!" मागून नेव्हिल ओरडला.

"ओव्हर संपलीय."

"मरू दे ओव्हर. तू तिथे उभा राहिलास आणि विकेट पडायची थांबली. हललास तर बघ!"

आसपासच्या दहाबारा सभासदांनी माना डोलावल्या. जोडी जमली की जागा सोडायची नाही, हा कायदा या मैदानावर आणला कुणी? खुद्द बॅगशॉ यांनी. अशाच एका भागीदारीच्या वेळी त्यांनी नेव्हिलला दुपारभर मोरीकडेही जाऊ दिलं नव्हतं. तो हिशेब नेव्हिल आता व्याजासकट चुकता करत होता.

"अरे पण मला तिकडे जायचंय," बॅगशॉ काकुळतीला आले.

"काउंटी आधी की बाई आधी?"

या प्रश्नाचं उत्तर आयुष्यभर त्यांना पाठ होतं. त्या दिवशी पहिल्यांदा आठवेना. तरी पाय जागचे हलले नाहीत. षटकामागून षटक निघत होतं. छत्रीवाला टिकत होता. चहा निवला, त्यावर साय धरली. मैदानापलीकडे लॉमॅक्सबाई विणता विणता मधेच मान वर करून बघत होत्या. दोन कप घेतलेला माणूस आपल्याकडेच येतोय, हे इतक्या लांबूनही कळत असणार. मग येत का नाही? आमच्यातल्या काहींना वाईट वाटत होतं. पण खरं सांगायचं तर आम्हालाही काउंटी वाचायला हवी होती, म्हणून आम्ही तोंड उघडलं नाही.

उन्हं कलली. आता थोडकीच षटकं उरली होती. फाटकाबाहेर मोटारीचा भोंगा वाजला. लॉमॅक्सबाईंनी विणकाम पिशवीत घातलं, पांघरुणाची घडी केली आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

षटकाचे दोन चेंडू बाकी होते. गोलंदाज धावत निघाला होता. आणि सिरिल बॅगशॉ चालू लागले.

काळा कोट घातलेला माणूस पांढऱ्याशुभ्र पडद्यासमोरून चालला की कसा दिसतो, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. छत्रीवाल्याने हात वर केला आणि तो बाजूला झाला. गोलंदाज वाटेतच थबकला. पंच वळले. आणि सगळं मैदान एका सुरात गरजलं, "बसा खाली!"

ऐन मध्यावर बॅगशॉ थिजले. पुढे जावं की मागे? नियम सांगत होता, मागे. बाई दिसत होत्या पुढे. पंचांनी दोन्ही हातांनी हाकलल्याची खूण केली. कोंबड्यांना करतात तशी. तेव्हा ते पळत सुटले. सत्तरीचा माणूस, दोन कप, दर पावलाला चहा बुटांवर. आम्ही हसलो. हसू ओसरायच्या आत गोलंदाजाने पुन्हा धाव घेतली, छत्रीवाल्याची नजर अजून त्या कोटामागेच होती, आणि मधला स्टंप उखडून मागे जाऊन पडला.

मग मैदानावर जी शांतता पसरली तशी मी अंत्ययात्रेलाही अनुभवलेली नाही. काउंटी खाली गेली होती. नेव्हिलने टोपी काढून मांडीवर ठेवली. बॅगशॉ यांनी मागे वळून पाहिलं नाही, की पाहायची त्यांची छाती झाली नाही, देव जाणे. ते फाटकाशी पोचले तेव्हा लॉमॅक्सबाई मोटारीच्या उघड्या दाराशी उभ्या होत्या आणि रागाने लाल झाल्या होत्या.

"षटक चालू असताना? तुम्ही?"

"तुम्ही निघालात म्हणून..."

"निघाले कुठे? तेव्हा नुसती उठून उभी राहिले होते, गाडीकडे आले ती गडी पडल्यावर! षटक संपलं की तुमच्याकडेच येणार होते. एवढा वेळ कप धरून तिथे खांबासारखे उभे होतात, म्हटलं आपणच जावं. मनाशी बोलले होते मी. ही जोडी टिकली तर जायचं नाही. विमान गेलं खड्ड्यात. आणि तुम्ही... दोन चेंडू थांबवलं नाही तुम्हाला?"

बॅगशॉ यांनी मैदानाकडे पाहिलं. माळी स्टंप उपटत होता. हातातल्या कपांत आता घोटभरही चहा नव्हता. त्यांनी ते मोटारीच्या टपावर ठेवले.

"जाऊ नका," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता, की परीक्षा द्यायला त्यांच्या शेजारी बसलेल्या कुणालाही तो ओळखू आला नसता.

"आता? गडी बाद झाल्यावर?"

"आता."

भाच्याने इंजिन सुरू केलं. बाईंनी त्याला हातानेच थांबायची खूण केली. मग म्हणाल्या, "मनाशी बोलले ते बोलले. जोडी टिकली नाही, जायला तर हवं. लेकही वाट बघतेय. पण परतीचं तिकीट काढता येईल. एप्रिलमध्ये आपले सामने सुरू होतात, खालच्या श्रेणीतले का होईनात. तोवर थांबवेल तुम्हाला? की मध्येच उठून चालू लागाल?"

आयुष्यभर प्रत्येक षटक संपायची वाट बघत बसलेल्या सिरिल बॅगशॉ यांनी त्यांच्याकडे नीट, सावकाश पाहिलं.

"नाही थांबवणार मला तोवर," ते म्हणाले.