कोकणात वाळू नेणारा माणूस

कोल्हापुरातून सायकलवर कोकणात उतरणारी माणसं पुष्कळ आहेत. मीही त्यातलाच एक. पण कॅरियरला वाळूचं पोतं बांधून कोकणात जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या घरासमोर राहतो.

कोकणात वाळूची टंचाई आहे असं माझ्या तरी ऐकिवात नाही. बरं, नेलेली वाळू तिथं कुणाला द्यावी, निदान समुद्रात ओतून हात झटकावेत, तर तेही नाही. पाच-सहा दिवसांनी तीच वाळू, तेच पोतं, त्याच कॅरियरवरून परत गल्लीत. "मामा, वाळू हवापालटाला न्हेलीती व्हय?" असं कुणी विचारलं की श्रीपतीमामा शांतपणे म्हणतात, "गाडी रिकामी न्यायची नसती."

श्रीपती कांबळे, निवृत्त एसटी ड्रायव्हर. तीस वर्षं त्यांनी कोल्हापूर ते कोकण गाडी चालवली. आता गाडी सुटली आहे, पण ड्रायव्हर अजून सुटलेला नाही. सायकल दारातून काढताना ते आधी ती मागे घेतात आणि "येऊ द्या, येऊ द्या, बास!" असं स्वतःच स्वतःला ओरडून सांगतात. निघताना घंटी दोनदा वाजवतात. रस्त्यात कुणी ओळखीच्यानं हात केला की थांबतात, "जागा न्हाय पावणं," म्हणतात आणि पुढे जातात. घाटाच्या तोंडाशी बाकीचे ड्रायव्हर नारळ फोडायचे तेव्हा हे गाडीखाली वाकलेले असायचे. "नारळ फोडून ब्रेक लागत न्हाय, आवळून लागतोय," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

अशा या माणसाच्या बायकोला गाडी लागते.

लागते म्हणजे साधीसुधी नाही. उभ्या एसटीचा वास आला तरी हौसामामींच्या पोटात ढवळतं. नवऱ्याचा डबा द्यायला त्या स्टँडवर जायच्या ते पदर नाकाला लावून, आणि फाटकावरूनच परत फिरायच्या. लिंबू हुंगून झालं, आलं चघळून झालं, गोळ्या झाल्या, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. मोटार, रिक्षा, वडापची जीप, सगळ्यांशी त्यांचा उभा दावा. चालते ती फक्त सायकल. लग्न झाल्यापासून त्यांचं सगळं जाणंयेणं मामांच्या कॅरियरवर बसून.

त्यांची एकुलती एक लेक, सुनीता, विजयदुर्गच्या अलीकडच्या एका गावात दिली आहे. अकरा वर्षं झाली. सणाला ती इकडे येते, पण आईनं तिचं घर पाहिलेलं नाही. सुरुवातीला एकदा मामी जिवावर उदार होऊन एसटीत बसल्या होत्या. कळे गाव येईपर्यंत त्यांना रस्त्याकडेला झोपवावं लागलं आणि तिथल्याच दवाखान्यात सलाईन लावून माघारी आणावं लागलं. तेव्हापासून "लेकीचं घर तेवढं बघायचं ऱ्हायलंय" हे वाक्य त्या नळाच्या पाण्याची वेळ सांगावी तितक्या सहज सांगतात.

आता हे सगळं मला माहीत होतं. मामी माहीत, सायकल माहीत, पोतं माहीत. शिवाय मी शाळेत गणित शिकवतो. तरीही पुढचं सगळं घडलं.

आमचं रविवार सायकल मंडळ आहे. कोल्हापुरात चार माणसं एका दिशेनं चालली तरी मंडळ होतं, आम्ही तर सायकलवर होतो. आमच्या मंडळात वजनाला फार महत्त्व. एक सभासद केळी सोलून डब्यात नेतो, साल कशाला वाहायची म्हणून. अशा मंडळात मी श्रीपतीमामांना पोत्यासकट आणलं. शेजारधर्म, दुसरं काय.

पहिल्या सफरीला मामा कळ्यात थांबले, साळवणला थांबले, असळजला थांबले. थांबले म्हणजे काय, तर दोरी सोडून पोतं उतरवलं, झाडाखाली घडी घातलेल्या चादरीवर ठेवलं आणि स्वतः उन्हात उभे राहिले.

"अहो मामा, तुम्ही तरी सावलीला बसा," मी म्हटलं.

"डायवरला चालतंय. पाशिंजरला चालत न्हाय."

आम्ही हसलो. केळीवाल्यानं आपली टोपी काढून पोत्याला घातली. मामांनी टोपीकडे नीट पाहिलं, "व्हय, ऊन लागतंय खरं," म्हणाले आणि टोपी जरा पुढे ओढून ठेवली. त्यानंतर हसायचं कुणाला सुचेना.

गगनबावड्याहून भुईबावडा घाट उतरणं हे आमच्या सफरीचं खरं फळ. पन्नासेक किलोमीटर पाय मारायचे ते त्या उतारासाठी. मामांनी तो घाट सायकल हातात धरून, चालत उतरला. प्रत्येक वळणाला थांबून चाकाला दगड लावायचा, खिशातली वही काढायची, काहीतरी लिहायचं, दगड काढायचा, पुढे. खाली आमचे वडे खाऊन झाले, चहा झाला, परत वडे झाले, तेव्हा मामा पोत्यासह दिसले. मी वहीत डोकावलो. लिहिलं होतं, 'साळवण, सावली दाट, बाईमाणसाची सोय हाय. घाट, तिसरं वळण, कट्टा बुटका, उतराय बरा. पाचवं वळण, माकडं लई, थांबू नये.' मला वाटलं, निवृत्तीनंतर माणसं काहीबाही लिहितात. आमचे एक हेडमास्तर अभंग लिहितात.

मंडळानं ठराव केला की पुढच्या वेळी मामांना सांगू नये. मग मीच एकटा त्यांच्याबरोबर घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊ लागलो, कारण घर समोर आहे आणि ते घंटी दोनदा वाजवून दारात उभेच राहतात. तिसऱ्या सफरीला पोतं जरा सैल दिसलं.

"काय मामा, दम लागला वाटतं? वाळू काढली?" मी चेष्टेनं विचारलं.

मामांनी पोत्याची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी गहू घेऊन गल्लीतल्या गिरणीत गेलो. गिरणीतल्या मोठ्या काट्यावर मामी उभ्या होत्या. पायात चप्पल नाही, पदर खोचलेला, चेहऱ्यावर वैताग. मामा आकडा वहीत लिहीत होते.

"बघा की वो सर," मामी म्हणाल्या, "दर म्हैन्याला मला जोंधळ्यागत जोखत्यात. डाक्टरनं सांगितलंय म्हणं. कुठला डाक्टर गिरणीत जोखतोय?"

त्या तणतणत घरी गेल्या. मामांनी भिंतीआडून पोतं ओढलं आणि काट्यावर ठेवलं. आकडा वहीतल्या आकड्याशी ताडून बघितला. पोत्याचं तोंड सोडून एक तांब्या वाळू काढली. परत बघितलं. आणखी एक तांब्या काढावा लागला. तो दुसरा तांब्या हातात धरून मामा कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. गिरणीचा पट्टा फिरत होता, पीठ उडत होतं, आणि गणिताच्या मास्तरला तीन सफरींनंतर उत्तर आलं होतं.

"मामी वजनाला उतरालीय सर," ते म्हणाले. "अंगात रगात न्हाय म्हणतोय डाक्टर. गोळ्या चालू हायत. खरं दर म्हैन्याला वाळू काढावी लागालीय."

"मग थांबलाय कशाला? मामींना सांगा तरी!"

"ट्रायल पास झाल्याबिगर पाशिंजरला सांगायचं नसतंय. मागच्या टायमाला नवं लुगडं नेसून बसलीती. कळ्यातनं माघारी आणली, तर आठ दिस कुणासंगं बोलली न्हाय. परत तसं नगं." तांब्यातली वाळू त्यांनी हळूच कोपऱ्यात ओतली. "तीस वर्सं लोकांच्या बायका लेकीकडं न्हेऊन सोडल्या, सर. माझीच तेवढी ऱ्हायली."

दम लागला वाटतं, असं मी या माणसाला विचारलं होतं. मला माझीच लाज वाटली. पीठ न घेताच मी घरी आलो.

दिवाळीची सुट्टी लागली आणि आम्ही निघालो. मामा, मामी आणि मागे सामान घेऊन मी. कॅरियरला उशी बांधलेली, मामींच्या हातात लिंबू. दिवसाला जमेल तेवढंच अंतर, रात्री ओळखीच्या कंडक्टर-ड्रायव्हरांच्या घरी मुक्काम. चढ आला की मामी उतरून चालायच्या.

मामांनी ट्रायल चोख घेतली होती. फक्त एक गोष्ट त्यांच्या हिशेबात आली नव्हती. पोतं हलत नाही आणि पोतं बोलत नाही. मामी दोन्ही करत होत्या. डावीकडे ऊस दिसला की डावीकडे वाकायच्या, उजवीकडे म्हैस दिसली की उजवीकडे. साळवणच्या दाट सावलीत त्यांना बसायचं नव्हतं, त्याच्यापुढे भर उन्हात एक बाई शेंगा विकत होती तिच्याशी बोलायचं होतं. माकडं असलेल्या पाचव्या वळणावरच त्यांना बसायची हुक्की आली.

"वहीत नगं म्हणून लिवलंय," मामा म्हणाले.

"मग वहीलाच बशीवायचं व्हतं कॅरियरवर," मामी म्हणाल्या आणि कट्ट्यावर बसल्या.

त्याच्या पुढच्या वळणावर मात्र मामी एकदम गप्प झाल्या. खाली दरी, तोंडावर वारा. त्यांनी डोळे मिटले आणि पदर तोंडाला लावला. मामांनी सायकल जागच्या जागी थांबवली. मी दगड लावला. दगड लागला तरी मामांनी आवळलेला ब्रेक सोडला नाही. इथून माघारी फिरावं तर अर्धा घाट चढायचा, पुढे जावं तर तेवढाच उतार. शिवाय एकदा माघारी नेलं तर पुन्हा आणणं व्हायचं नाही, हे मामांना कळत होतं आणि मलाही.

"हौसा," ते म्हणाले, "मळमळालंय काय?"

मामींनी डोळे उघडले. "भूक लागलीया," त्या म्हणाल्या. "सकाळधरनं लिंबूच हुंगालीय मी."

मामा रस्त्यातच खाली बसले. आम्ही तिथंच भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. मामींनी लिंबू भाकरीवर पिळून संपवलं. जेवण झाल्यावर त्या कॅरियरवर बसेचनात. "मला काय पाय न्हाईत व्हय?" म्हणाल्या, आणि उरलेला घाट नवऱ्याशेजारी चालत उतरल्या, मध्येच टेकत, मध्येच बोलत. मामा मोकळी सायकल ढकलत होते. गाडी रिकामी न्यायची नसते हे त्यांना त्या दिवशी आठवलं नसावं.

सातव्या दिवशी दुपारी आम्ही सुनीताच्या घरी पोचलो. चिऱ्याच्या भिंती, पुढे तुळतुळीत सारवलेलं अंगण, दोन पायऱ्या आणि ओटी. सुनीता पावसात सादळलेली आमसुलं अंगणात पुन्हा उन्हाला घालत होती. वडिलांना बघून नेहमीसारखी हसली. मग त्यांच्यामागे उशी काखेत धरून उभी असलेली बाई तिला दिसली.

तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"बघालीस काय?" मामी म्हणाल्या. "पाणी आण की पायावर."

सुनीतानं पाणी आणलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मी आमसुलं बघत राहिलो. मग मामी डोळे पुसत आत गेल्या आणि त्यांचा आवाज घरभर फिरू लागला. हे काय, ते काय, हंडा इथं का ठेवलास, खिडकीला पडदा का नाही.

मामा पायरीवर टेकले होते. सुनीतानं मला पाणी दिलं. "मामांना आत बोलवा ना," मी म्हटलं, "उन्हात बसलेत."

"न्हाय येत ते, काका," ती हळू आवाजात म्हणाली. "अकरा वर्सात ह्या ओटीच्या आत पाऊल टाकलेलं न्हाय आबांनी. जेवायचं हितंच, झोपायचं हितंच. पावसात भिजत बसलेत, खरं आत न्हाय आले. तुझ्या आईनं बघितल्याबिगर मी कसं बघू, म्हणायचे."

मी मामांकडे पाहिलं. ते चाकाला दगड नीट लागलाय का ते बघत होते. नीटच लागला होता.

आतून मामींचा आवाज आला, "अवो, भाईरच बसलाय व्हय अजून? या की आत! केवढी मोठी खोली हाय बघा तरी लेकीची!"

मामा उठले. त्यांनी पायांवर पाणी घेतलं, पाय पुसले, परत पाणी घेतलं, परत पुसले. टोपी काढून हातात धरली. मग उंबऱ्याशी क्षणभर थांबून, परक्याच्या घरात जावं तसे अवघडत, ते आत गेले.