खालच्या भागाला दुखापत

गुरुवारी सकाळी पावणेआठला, मुंबईच्या विमानाला जेमतेम दहा तास उरले असताना, जमालुद्दीन हर्णेकरांनी सोफ्यावर पाय लांब केले आणि मुलाला सांगितलं, "माझं आज जाणं होणार नाय. दुखापत झालीय."

शाहिद ऑफिसला निघता निघता दारातच थांबला. त्याच्या जेद्दातल्या हॉलमध्ये चार बॅगा दोऱ्या आवळून, वजन करून रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकीवर अब्बांनी आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने 'जमालुद्दीन बर्फवाले, हर्णै' असं लिहिलं होतं. लिहिताना माणूस ठणठणीत होता.

"कुठे दुखापत?"

"शरीराच्या खालच्या भागाला."

"म्हणजे गुडघा? कंबर?"

"खालच्या भागाला. याहून जास्त सांगता येणार नाय."

"मग जाणार कधी?"

"रोज सकाळी बघून ठरवायचं," असं म्हणून जमालुद्दीनांनी डोळे मिटून घेतले.

ही भाषा त्यांची नव्हती, ती त्यांच्या नातीची होती. सहर पंधरा वर्षांची, इंडियन स्कूलमध्ये दहावीला, आणि अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीसाठी पार वेडी. आजी-आजोबा दोन महिन्यांपूर्वी आले, मक्केत उमराह झाला, जवळच्या शराफिया बाजारातली सगळी दुकानं दोनदा बघून झाली, आणि मग एके दिवशी पहाटेच्या, फजरच्या नमाजनंतर जमालुद्दीन हॉलमध्ये आले तर नात टीव्हीसमोर बसून बर्फ बघत होती.

जमालुद्दीनांची चाळीस वर्षं बर्फात गेली होती. हर्णै बंदरावर त्यांचा बर्फाचा कारखाना. लादी डब्यातून काढायची, फोडायची, होडीवर चढवायची आणि मासळीवर टाकायची, यापलीकडे बर्फाचं काही करता येतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. टीव्हीवर मात्र शाळेच्या मैदानाएवढी एक अखंड लादी होती. तिच्यात बुडबुडा नव्हता, तडा नव्हता, एक दुधाळ डागसुद्धा नव्हता.

"हे कोणी केलं?" त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

मध्यंतरात एक गाडी येऊन ती लादी पुन्हा नवी करून गेली, तेव्हा ते खाली बसले. त्यानंतर सामना असेल त्या प्रत्येक सकाळी ते तिथेच बसलेले असायचे.

"आमच्याकडे लादीवर माणूस चालतो तो जीव मुठीत धरून," ते सहरला म्हणाले. "हे धावतायत. उलटेसुद्धा धावतायत."

"दादा, ये प्लेऑफ है," सहर म्हणाली. "अब तो ये लोग दाढी भी नहीं बनाते, जब तक टीम बाहर नहीं होती."

बर्फाचं कौतुक ओसरायच्या आत जमालुद्दीनांना माणसं दिसू लागली. या खेळात चेंडूच्या जागी असते ती काळी रबरी चकती एकाच्या तोंडावर बसली. त्याने दोन दात हातमोज्यात थुंकले, ते कोणाच्या तरी हाती दिले आणि पाच मिनिटांत तो परत बर्फावर. स्वतःची एक दाढ काढायला जमालुद्दीन तीनदा दापोलीला जाऊन तीनदा दवाखान्याच्या पायरीवरून परत आले होते. त्यांनी तो प्रसंग सहरला पुन्हा पुन्हा लावायला सांगितला आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या गालावर हात ठेवला.

पण त्यांचा जीव जडला तो पांढऱ्या जर्सीतल्या सत्तावीस नंबरवर. त्याचं नाव त्यांना उच्चारता येत नव्हतं आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं. सत्तावीस गोल करत नसे. समोरच्याने चकती मारली की तिच्यापुढे आडवं पडायचं, एवढंच त्याचं काम. "हा माणूस रोज मार खायला कामावर जातो," जमालुद्दीन म्हणायचे, "आणि वेळेच्या आधी जातो."

दुखापतीचा कायदा सहरनेच त्यांना समजावला होता. प्लेऑफमध्ये कोणाला लागलं तरी टीम कुठे लागलं ते सांगत नाही. समोरचे नेमके तिथेच मारतील ना. फक्त 'शरीराचा वरचा भाग' किंवा 'खालचा भाग' एवढंच कळवायचं. आठवडाभरापूर्वी सत्तावीस लंगडताना दिसला तेव्हाही टीमने एवढंच सांगितलं, आणि तो पुढचा सामना खेळला. जमालुद्दीनांना हा कायदा इतका खानदानी वाटला, की त्यांनी तो रईसाला, म्हणजे बायकोलाही स्वयंपाकघरात जाऊन सांगितला. रईसा म्हणाली, "कणीक संपलीय."

आता अडचण अशी होती, की पांढरे आणि काळे या दोन टीमांत जो आधी चार सामने जिंकेल तो पुढे जाणार होता. गुरुवारी पहाटे पांढरे हरले असते तर जमालुद्दीन दुःखी मनाने, पण वेळेवर विमानात बसले असते. सहरची स्कूल व्हॅन आली, ती निघून गेली, आणि सामन्याच्या शेवटच्या भागात एकटे जमालुद्दीन बघत असताना पांढरे जिंकले. तीन-तीन. सातवा सामना शनिवारी सकाळी पाचला. हर्णैच्या घरात अशी हॉकी दिसण्याची काही सोय नव्हती, आणि मोबाइलवर ती वाडीतल्या नेटवर दिसेल यावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यामुळे त्यांच्यापुढे दुसरा मार्गच उरला नव्हता.

शाहिदने तिकिटं शनिवार संध्याकाळवर ढकलली आणि मुंबई विमानतळावर गाडी घेऊन येणाऱ्या चुलतभावाला, वहाबला, फोन केला. "आज येऊ नको. अब्बांना खालच्या भागाला काहीतरी झालंय. काय ते सांगत नायत."

वहाबने विचार केला. जमालुद्दीनचाचा म्हणजे साधी शिंक आली तरी चार घरी सांगणारा माणूस. तोच सांगत नाही, त्या अर्थी सांगण्यासारखं राहिलेलं नाही. त्याने हे आपल्या बायकोच्या कानावर घातलं. दुपारच्या नमाजपर्यंत हर्णैत एकमत झालं, की जमालुद्दीनचं कंबरेखालचं अंग गेलं.

कारखान्यातल्या माणसांनी फोन केला. "मालक, पाय हलतात का?"

"सांगता येणार नाय," मालक म्हणाले. नियम म्हणजे नियम. पलीकडे कोणीतरी हुंदका दिला.

संध्याकाळी रईसाच्या बहिणीचा, शबनमचा, दाभोळहून फोन आला. सोमवारी तिच्या मुलीची मंगणी, म्हणजे साखरपुडा होता. दुलाभाई असे पडून असताना मंगणी कशी करायची, पुढे ढकलूया, असं ती रडत रडत म्हणत होती. रईसाने फोन ठेवला आणि ती सोफ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सोमवारी मी दाभोळला असणार," ती म्हणाली. "तुम्ही उभे या नायतर आडवे या."

जमालुद्दीनांना खरं सांगावंसं वाटलं. पण तेवढ्यात शराफियातली कोकणी मंडळी येऊन थडकली. खाणावळवाला उस्मान पायांत ताकद यावी म्हणून पाया सूपचं मोठं पातेलं घेऊन आला होता. कोणी मलम आणलं, कोणी पट्टा आणला, आणि बाकीच्या सगळ्यांनी संत्री आणली. टीपॉयवर संत्र्यांचा ढीग झाला आणि जागा संपल्यावर तो खाली गालिच्यावर सुरू झाला. जमालुद्दीनांना बाथरूमला जायचं होतं. ते उठणार इतक्यात चौघांनी त्यांना अलगद उचललं, आत नेलं आणि दाराबाहेर थांबून दुआ केली.

रात्री जेवणाआधी सून अफशाँ तिच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना घरीच घेऊन आली. डॉक्टर सिद्धार्थ मूळचे सांगलीचे, हाडांचे डॉक्टर. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं आणि गुडघा वाकवून पाहिला.

"इथे दुखतं?"

"खालच्या भागाला आहे. जास्त सांगता येणार नाय."

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "काका, मी दोन वर्षं टोरांटोला होतो. तुम्ही पांढऱ्यांचे की काळ्यांचे?"

जमालुद्दीनांचे डोळे भरून आले. दिवसभरात पहिल्यांदाच कोणीतरी योग्य प्रश्न विचारला होता. "पांढऱ्यांचा," ते म्हणाले. "सत्तावीस नंबर."

"मी काळ्यांचा," डॉक्टर जड आवाजात म्हणाले. "पण त्या सत्तावीसला मानलं. आमचे एकवीस फटके त्याने अंगावर घेतलेत."

मग त्यांनी कागद काढला आणि लिहिलं: शनिवार सकाळपर्यंत पूर्ण विश्रांती. नंतर प्रवासास हरकत नाही. शनिवारी पहाटे पाच वाजता पुन्हा तपासणी. अफशाँला त्या वेळेचं नवल वाटलं, पण डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की ही दुखापत पहाटे जास्त स्पष्ट दिसते.

शनिवारी तपासणी सुरू झाली तेव्हा सोफ्यावर डावीकडे डॉक्टर, उजवीकडे जमालुद्दीन आणि मधे सहर होती. पहिला भाग संपला. दुसऱ्या भागात काळ्यांच्या एका धिप्पाड खेळाडूने सगळा जोर काढून चकती हाणली, सत्तावीस तिच्यापुढे आडवा झाला आणि या वेळी उठला नाही. त्याच्या सोबत्यांनी त्याला धरून आत नेलं.

"घोट्याच्या वरचं हाड," डॉक्टर हळूच म्हणाले. "गेलं. आवाजावरून सांगतो."

जमालुद्दीनांनी टीव्हीकडे बघणं सोडलं आणि ते स्वतःच्या धडधाकट पायांकडे बघत बसले. त्यांना लाज वाटली. इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. त्या पायांना मलम लागलं होतं, पट्टा बांधला होता, त्यांच्यासाठी सूप आलं होतं, दुआ झाली होती.

शेवटच्या भागाला सुरुवात झाली आणि सत्तावीस परत आला. एक पाय टेकत नव्हता. तो दुसऱ्यावर घसरत आपल्या जागी पोचला आणि पुन्हा चकतीपुढे आडवा पडला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "वैद्यकशास्त्रात हे बसत नाही," ते म्हणाले. सहरने आजोबांचा हात घट्ट धरला होता.

बरोबरी सुटेना म्हणून जादा वेळ सुरू झाला. आता जो आधी गोल करेल तो जिंकणार. आठ वाजायला आले होते. काळ्यांनी मारलेली चकती सत्तावीसच्या त्याच पायाला लागून उलटली, एका पांढऱ्याने ती उचलली, सगळी लादी पार केली आणि जाळ्यात घातली.

जमालुद्दीन सोफ्यावरून उडाले. सत्तरीतला माणूस असा उडताना डॉक्टरांनी प्रथमच पाहिला. वर जाणं उत्तम झालं, पण खाली येताना त्यांचा डावा पाय एका संत्र्यावर पडला. संत्रं फुटलं, पाय मुरगळला आणि ते गालिच्यावर बसले.

टीव्हीवर दोन्ही टीमा रांगेत उभ्या राहिल्या होत्या. दोन आठवडे एकमेकांना भिंतीवर चेचणारी ती दाढीवाली माणसं प्रत्येकाशी हात मिळवत होती, आणि सत्तावीस एका पायावर घसरत शेवटच्या माणसापर्यंत गेला. डॉक्टर उठले. त्यांनी खाली वाकून जमालुद्दीनांशी हात मिळवला आणि त्याच हाताने घोटा चाचपला.

"काका, हे खरं आहे. चांगलाच मुरगळलाय."

"कोणाला सांगू नका," जमालुद्दीन दात आवळून म्हणाले. आवाज ऐकून रईसा दारात आली तेव्हा ते उभे होते. "मी बरा झालो," ते तिला म्हणाले. "शबनमला कळव. मंगणी सोमवारीच."

संध्याकाळी विमानतळावर शाहिदने व्हीलचेअर सांगून ठेवली होती. ती ढकलणारा माणूसही तयार होता. जमालुद्दीनांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. "मी चालत जाणार," ते म्हणाले. घोटा बुटात मावत नव्हता. तरी त्यांनी मुलाला मिठी मारली, सहरच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते ताठ मानेने आत निघाले. रईसा खुर्चीवाल्याबरोबर मागून येत त्यांची चाल बघत होती. दहा पावलं झाली.

"अवो, थांबा."

"काय?"

"गुरुवारचं नाटक होतं, ते मला गुरुवारीच कळलं होतं," ती म्हणाली. "हे नाटक नाय."

जमालुद्दीनांनी पुढे पाहिलं. समोर गेटपर्यंतचा लखलखीत रस्ता पसरला होता आणि त्याचं दुसरं टोक दिसत नव्हतं. रईसाने त्यांच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि बुरखा सावरून ती स्वतःच खुर्चीत बसली.

"भाई, आप बैग पकडो," तिने त्या माणसाला सांगितलं. "मेरे मियाँ ढकलेंगे." मग मान न वळवता ती हळूच म्हणाली, "दोन्ही मुठी धरा. सगळा भार द्या. मी काय हलकी नाय, खुर्ची उलटणार नाय."

जमालुद्दीनांनी मुठी धरल्या आणि भार दिला. दुखरा पाय जमिनीला जेमतेम टेकत होता. खुर्ची सावकाश पुढे सरकू लागली. बाजूच्या रांगेतल्या एका बाईने आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसलं आणि ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हटलं, "देखो, इस उमर में भी बीवी की कितनी ख़िदमत करते हैं. कुछ सीखो."

रईसाने ते ऐकलं. तिने पर्स मांडीवर नीट धरली, चेहरा थोडा आजारी केला आणि ती गेटपर्यंत तशीच बसून राहिली.