डाव्या डोळ्याचा रकाना

शनिवारी दुपारी चष्म्याच्या दुकानात जावयाने सहज डोळे तपासणीची एक चिठ्ठी कॉम्प्युटरशी ताडून पाहिली आणि त्याचं धाबंच दणाणलं. गिऱ्हाइकांच्या तक्त्यात उजव्या डोळ्याच्या रकान्यात डाव्याचा नंबर बसला होता आणि डाव्याच्या रकान्यात उजव्याचा. एकाचा नव्हे, सोमवारपासून आलेल्या प्रत्येकाचा!

पाप त्याचंच होतं. सोमवारी त्याला त्या तक्त्यात फ्रेमच्या रंगाचा एक रकाना वाढवायचा होता. तेवढं करून गप्प बसावं की नाही? पण डावा आधी आणि उजवा नंतर हे काही त्याला बरं दिसेना, म्हणून त्याने जाता जाता त्यांची अदलाबदल करून टाकली. चिठ्ठीवरचे नंबर भरायचा कॉम्प्युटरवरचा फॉर्म मात्र जुनाच राहिला, डावा आधी विचारणारा. तो बिचारा पहिला आकडा पहिल्या रकान्यात टाकून मोकळा होत होता, आणि मागच्या खोलीतला कारागीर ते बघून काचा बसवत होता.

सासऱ्यांनी त्याच दिवशी बजावलं होतं, "जावईबापू, कॉम्प्युटर तुमच्याकडे, डोळे तपासणं धाकटीकडे. आठवडाभर बघतो. एक जरी चष्मा परत आला, तर तुम्ही दोघं घरी आणि माझी गिऱ्हाइकांची जुनी वही परत बाहेर!" धाकटीने त्या तपासणीच्या खुर्चीसाठी वर्षभर बापाची मनधरणी केली होती.

शुक्रवारपर्यंतचेच एकेचाळीस चष्मे! त्यात एक बसड्रायव्हर. जावयाने आधी त्यालाच फोन लावला.

"काका, चष्म्यातून... दिसतंय ना?"

"झकास! पुढच्या गाडीवरची माशीसुद्धा दिसते."

मग त्याने शिवणकाम करणाऱ्या बाईंना विचारलं.

"अहो, सुईत दोरा एका झटक्यात जातो!"

जावयाला दरदरून घाम फुटला. उलट्या काचांतून माणसांना सुलट दिसतंय म्हणजे काय? तक्रार आली असती तरी तो एवढा घाबरला नसता. तो तडक तपासणीच्या खोलीत मेहुणीकडे गेला.

"छकुले, घोळ झालाय. सोमवारपासून मी सगळ्यांचे डावे-उजवे उलटे केलेत."

"भाऊजी! काहीतरीच काय? लोक खूश आहेत."

"तेच तर! तू चिठ्ठी लिहितेस कशी?"

"कशी म्हणजे? गिऱ्हाईक समोर बसतं. माझ्या डाव्या हाताकडचा तो डावा डोळा, उजव्या हाताकडचा..." ती थांबली. "अगं बाई! समोरच्याचं उलटं असतं की! कॉलेजात आम्ही पेशंटच्या मागे उभं राहून आरशातून बघायचो हो!"

तिने उलटं लिहिलं होतं आणि त्याने ते पुन्हा उलटं केलं होतं.

"म्हणजे वाचलो?" धाकटीने विचारलं.

"वाचलो. पण सोमवारी दोघांनी एकदमच सुधारायचं. एकटीने शहाणपणा केलास तर खबरदार!"

तो बाहेर येतो तोच सासऱ्यांनी त्याला कोपऱ्यात ओढलं.

"पोरीला बोलू नका, मनाला लावून घेईल. ती डावं-उजवं उलट लिहिते हो! आज सकाळी तिने माझे डोळे तपासले तेव्हा लक्षात आलं. मग आजच्या सगळ्या चिठ्ठ्या मीच सुधारून, नव्याने लिहून तुमच्या ट्रेमध्ये ठेवल्या."

जावयाच्या पायाखालची जमीन सरकली. आज धाकटीचं अक्षर एवढं देखणं कसं, असं त्याला वाटलंच होतं!

"कि... किती चिठ्ठ्या?"

"नऊ. माझी धरून." सासऱ्यांच्या दोन डोळ्यांच्या नंबरांत जमीन-अस्मानाचा फरक होता. कारागिराने नुकताच आणून दिलेला नवा चष्मा त्यांनी ऐटीत नाकावर चढवला, दाराकडे निघाले आणि थेट फ्रेमच्या कपाटावर जाऊन आदळले.

"आई गं! हा कुणाचा चष्मा दिलाय मला?"

आवाज ऐकून धाकटी धावत आली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. जावयाने एका दमात सगळं सांगून टाकलं आणि ट्रेमधली चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली. सासऱ्यांनी जुना चष्मा लावून स्वतःचंच अक्षर दोनदा वाचलं. मग फळीवरच्या वहीकडे पाहिलं.

"वही माळ्यावर टाका," ते कपाळ चोळत म्हणाले. "परत आलेला चष्मा माझा, चूकही माझी. उरलेल्या आठ जणांना फोन मीच करतो."

"आठ नाही बाबा, सात," धाकटी हळूच म्हणाली. "आठवी आई आहे. आणि ती नवा चष्मा लावून इकडेच यायला निघालीय."