थर्मनची अठ्ठावीस

"या शनिवारी लर्लीनच्या ताटात रानातले लावे पडणार म्हणजे पडणार!" थर्मन पीकॉकनं न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या जाहीर करून टाकलं.

न्हाव्याचा वस्तरा क्षणभर थांबला. शेजारच्या खुर्चीत गालांना फेस लावून बसलेला त्याचा दोस्त ओडेल तर चक्क हसला.

थर्मनचं वय एकाहत्तर. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. लर्लीनचा नवरा होयट चार वर्षांपूर्वी गेला. तीन आठवड्यांपूर्वी चर्चच्या पायऱ्या उतरताना लर्लीन सहज म्हणाली होती, "होयट गेल्यापासून रानातला लावा तोंडाला लागला नाही रे!" ते एक वाक्य थर्मन तीन आठवडे उशाशी घेऊन झोपत होता.

त्याला कारणही तसंच होतं. अठराव्या वर्षी गावच्या नाचाला थर्मन तिला विचारणार होता. आधी सरबत आणावं म्हणून गेला आणि येऊन पाहतो तर लर्लीन होयटबरोबर नाचतेय! हातात सरबताचे ते दोन पेले घेऊन थर्मन त्रेपन्न वर्षं तसाच उभा होता, म्हणा ना!

"आणि मारणार कशानं?" ओडेलनं विचारलं. "तुझ्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरनं बारा बोअरची बंदूक बंद केलीय ना?"

"अठ्ठावीस बोअर घेतलीय. दुनळी!"

"अठ्ठावीस? अरे, बंदुकीचा आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक! बाराच्या नळीत अंगठा जातो. हिच्यात करंगळी जाईल जेमतेम. ही बंदूक आहे की बासरी?"

"हलकी आहे, बाबा! दिवसभर वागवली तरी खांदा हूं की चूं करत नाही. पक्ष्याच्या अंगात छर्रे कमी, मांस कसं स्वच्छ!"

"छर्रे कमी म्हणजे लागणारही कमी! पंचवीस पावलांच्या पुढचा लावा तुला टाटा करून जाईल. आणि काडतुसं? बाराची काडतुसं वाण्याकडे लोणच्याशेजारी ठेवलेली असतात. ही कुठून आणणार?"

"मागवलीत! तू तिच्या शेजारी राहतोस ना? तिला फक्त एवढंच सांग, शनिवारी लावे! अठ्ठावीस! बाकी तेव्हा कळेल."

ओडेल निरोपात स्वतःचा शब्द घालणाऱ्यांतला नव्हता. त्यानं कुंपणावरून हाक मारून सांगितलं, "लर्लीन, थर्मन म्हणतो, शनिवारी लावे! अठ्ठावीस!"

"अठ्ठावीस!" लर्लीनच्या हातातली झारी पडली.

तिनं लगेच हिशेब केला. माणशी दोन लावे, म्हणजे चौदा माणसं. तिनं चर्चमधल्या गाणाऱ्या बायकांना बोलावलं. पाद्रीबाबांना बोलावलं, पाद्रीणबाईंना बोलावलं, शेजारच्या गावच्या बहिणीला बोलावलं. बहिणीनं ती बातमी केस कापायला गेली तिथं सांगितली. तिथं शिकारखात्याच्या साहेबाची बायको डोक्याला रंग लावून बसली होती. आणि कायद्यानं एका बंदुकीला दिवसाला बारा लावे, त्यावर एकही नाही!

थर्मनला यातलं काहीएक ठाऊक नव्हतं. शनिवारी दुपारी तो, ओडेल आणि तेरा वर्षांची ठार बहिरी कुत्री डचेस असे तिघे पाइनच्या रानात शिरले. बंदूक खरोखर हलकी होती. इतकी, की आपण शिकारीला आलोय हे थर्मन दोनदा विसरला!

"काडतुसं घेतलीस ना?" ओडेलनं विचारलं.

थर्मननं खिसे चाचपले. डबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिला होता! कोटाच्या खिशात चाचणीतली दोन उरली होती, तेवढीच.

मोतीबिंदूमुळे ओडेल बंदूक सोडून बसला होता, पण त्याच्या जुन्या कोटात वीसेक काडतुसं निघाली. सगळी बाराची! उंदराच्या बिळात म्हैस घालायचा तो प्रकार. ती परत खिशात गेली.

तेवढ्यात डचेसला वास लागला आणि ती सुटली! "डचेस! अगं ए डचेस!" करत दोघे मागं धावले. पण बहिरीला काय हाका मारणार? दोन कुंपणं झाली, एक ओढा झाला, कुणाचं तरी कापसाचं रान झालं. तासाभरानं एका पिवळ्या गवताच्या माळावर ती शेपूट ताठ करून, एक पाय उचलून दगडासारखी उभी राहिली.

भुर्रर्र! गवतातून थवा फुटला. थर्मननं बंदूक खांद्याला लावली, पण ती हलकी नळी माश्या मारायच्या जाळीसारखी पक्ष्याच्या पुढं निघून गेली. बार उडाला आणि एक लावा पडला!

"वा! नेम याच्यावरच होता?"

"मग काय!" थर्मननं ठोकून दिलं. नेम दुसऱ्यावर होता.

बाकीचे पांगून गवतात बसले. ऊन तिरपं झालं होतं. "अजून एक काडतूस आहे," ओडेल कुजबुजला. "उडव एखादा."

थर्मननं बंदूक उचलली, आणि शीळ आली. पांगलेला एक लावा डावीकडून बोलावत होता. उजवीकडून दुसऱ्यानं उत्तर दिलं. मग तिसऱ्यानं. लहानपणी हीच शीळ प्रत्येक बांधावरून यायची. आई कंदील पुसत असायची आणि बाहेर लावे आपापली माणसं गोळा करत असायचे. हल्ली रानं मुकी झाली होती. ही शीळ ऐकून अकरा वर्षं झाली होती.

थर्मननं मोजलं. आठ आवाज. त्यानं नळी उघडून काडतूस काढून घेतलं.

"घरी बोलावतायत रे एकमेकांना," तो म्हणाला. ओडेलनं टोपी काढली. शेवटची शीळ थांबेपर्यंत दोघे म्हातारे तसेच उभे होते.

मग अंधारात वाट चुकत चुकत कधीतरी एक सडक लागली आणि एका भल्या माणसानं त्यांना आपल्या ट्रकमधून गाडीपाशी आणून सोडलं.

लर्लीनच्या दारात अकरा गाड्या पाहून ओडेलचा चेहरा उतरला. "अरे देवा! कोण गेलं?"

कुणी गेलं नव्हतं. आत सगळी मंडळी गळ्याला रुमाल बांधून तयार होती. निळ्या झग्यातली लर्लीन दारात उभी होती आणि तिच्या पुढं वही उघडून शिकारखात्याचे साहेब.

"किती?"

"एक," थर्मन म्हणाला.

"खरं सांगा! आमच्याकडे अठ्ठाविसाची खबर आहे." साहेबांनी पिशवी झटकली, डिकी पाहिली, डचेसलाही उठवून तिच्याखाली पाहिलं.

"अहो साहेब, अठ्ठावीस ही बंदूक आहे!"

आतल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या. थर्मननं टोपी काढून हातात धरली; आता हेही दार बंद, असंच त्याला वाटलं. मग लर्लीन हसली. दाराची चौकट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"मी एक अक्षर बदललं नव्हतं!" ओडेल तेवढ्यात ओरडला.

लर्लीननं सगळ्यांना अंडी तळली, मक्याच्या कण्या शिजवल्या. तो एकुलता एक लावा लोण्यात परतून मानानं पाद्रीबाबांच्या ताटात गेला. पाद्रीबाबांनी लांबलचक प्रार्थना केली आणि हाडंसुद्धा ठेवली नाहीत. थर्मन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, जेवायला थांबलेल्या साहेबांशेजारी, अंडी चिवडत बसला.

निघताना लर्लीन बाहेरच्या ओट्यापर्यंत आली. "ओडेल म्हणाला, तुझ्याकडे अजून एक काडतूस होतं. मग दुसरा लावा का नाही मारलास?"

"ते एकमेकांना बोलावत होते, लर्लीन."

ती ओट्याच्या पायरीवर बसली. "होयटनं जन्मभर आणले आणि मी जन्मभर पिसं काढली. मला कधी रानात नेलं नाही त्यानं. मला ऐकायचीय ती शीळ. मंगळवारी नेशील? बंदूक नको."

थर्मनच्या छातीत आठच्या आठ लावे उडाले. "नेतो!" तो म्हणाला. "तू फक्त तयार राहा!"

गाडीत बसून त्यानं दार लावून घेतलं, काच वर केली, लर्लीनला हसून हात केला आणि ओठ न हलवता विचारलं, "ओडेल, आपण नेमके होतो कुठं रे?"

"मला काय विचारतोस? मी तुझ्या मागं धावत होतो!"

दोघांनी एकदमच मागं वळून पाहिलं. जागा ठाऊक होती ती एकट्या डचेसला, आणि ती मागच्या सीटवर घोरत होती.