दहापट आंबट

प्रयोगशाळेतली शांतता त्या सकाळी इतकी दाट होती, की तिच्यातच आधी थोडं पाणी घालायला हवं होतं. टेबलाच्या एका टोकाला नवरा नळ्या विसळत होता, दुसऱ्या टोकाला बायको. डेअरीत येणाऱ्या प्रत्येक टँकरमधल्या दुधाचा आंबटपणा ही दोघं मोजत, आणि मगच ते दूध आत घेतलं जाई.

आदल्या रात्री तिने विचारलं होतं, “लांबच्या नव्या डेअरीत मला प्रमुखाची जागा देतायत. जाऊ का?” त्यावर त्याने पंखा वाढवला आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून अबोला.

मोजणीला लागणारा कॉस्टिक सोड्याचा द्राव ती संध्याकाळी तीव्र करून ठेवी. सकाळी जो आधी येईल त्याने त्याच्या एका भागात नऊ भाग पाणी घालायचं, बाटली पुन्हा जागेवर ठेवायची आणि दुसऱ्याला सांगायचं, “केलं.” बाटलीवर चिठ्ठी नसे, खूण नसे. आपल्याला लेबलं लागत नाहीत, यालाच ती दोघं इतकी वर्षं प्रेम समजत आली होती.

त्या दिवशी तो आधी आला. त्याने द्राव पातळ केला. पण ‘केलं’ म्हणणं म्हणजे माघार घेणं होतं. मागाहून ती आली. ‘केलं’ ऐकू आलं नाही, म्हणजे केलेलं नाही, असा सरळ हिशेब करून तिनेही एकास नऊ पाणी घातलं, आणि तीही गप्प राहिली. दोघांचं गणित निर्दोष होतं. द्राव मात्र दहापटीऐवजी शंभरपट पातळ झाला होता.

नमुना गुलाबी होईपर्यंत जितका द्राव लागेल, तितकं दूध आंबट. पहिल्या टँकरच्या नमुन्यात ती द्राव थेंब थेंब सोडत राहिली. गुलाबी रंग यायचं नाव घेईना. तो उमटेपर्यंत द्राव नेहमीच्या दहापट खर्ची पडला.

“दूध आंबलंय,” ती भिंतीवरच्या घड्याळाला म्हणाली. “कुणाला खात्री करायची असेल तर करावी.”

त्याने तीच बाटली घेऊन पुन्हा मोजलं. “दह्यापेक्षा आंबट आहे,” त्याने बेसिनला सांगितलं.

साहेब धावत आले. टँकरचा ड्रायव्हर त्यांच्यामागे ओरडत होता, “अहो, ताजं आहे! जिभेला लावून तरी बघा!”

“प्रयोगशाळेत जीभ चालत नाही,” साहेब गरजले.

ते खरंच होतं.

टँकर परत गेला. दुसरा गेला. तिसऱ्याच्या ड्रायव्हरने रागाच्या भरात टँकर फाटकातच आडवा घालून रस्ता अडवला. आत पिशव्या भरणारी माणसं हात चोळत बसली. साहेबांनी घाम पुसत चहा मागवला, अर्धा प्यायले आणि थबकले.

“हे दूध कुठलं रे?”

“फाटकातल्या टँकरचं,” चहावाला म्हणाला. “आत दुसरं आहेच कुठं?”

“मग फाटलं कसं नाही?” कप हातात घेऊनच साहेब प्रयोगशाळेत शिरले. “सोड्यात पाणी कुणी घातलं?”

“मी,” दोघं एकदम म्हणाली.

“दोघांनी? आणि बोलला नाहीत एकमेकांशी?”

“मला कुणी विचारलं नाही,” तो म्हणाला.

“मला कुणी सांगितलं नाही,” ती म्हणाली.

“वा! मग आता काढा ते पाणी बाहेर!”

“पाणी काढता येत नाही, साहेब,” तो खाली बघत म्हणाला. “वरून तीव्र घालावं लागतं.”

साहेब तिच्याकडे वळले. “बाई, त्या नव्या जागेचं आजच कळवायचंय. जाताय ना? निदान इथल्या बाटलीत एकदाच पाणी पडेल.”

“ह्यांना विचारा.”

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं, रात्रीनंतर पहिल्यांदाच. ‘थांब’ हा शब्द त्याच्याजवळ रात्रीपासून तयार होता. तीव्र, काहीही न मिसळलेला. तो ओठांपर्यंत आला, आणि हाताला लागलेली सवय जिभेलाही लागली.

“तसं माझं काही नाही,” तो म्हणाला. “म्हणजे, घराचंही बघायला हवं. पण तिची इच्छा. बघू, जमेल तसं.”

ती ऐकत होती. त्यात तो शब्द कुठेतरी असेलही. पण रंग उमटावा इतका नव्हता.

ती नव्या जागेचं कळवायला साहेबांबरोबर त्यांच्या खोलीत गेली, परत आली आणि तिने अ‍ॅप्रन खुंटीला अडकवला.

“केलं?” त्याने विचारलं. या वेळी घड्याळाला नाही, बेसिनला नाही, तिलाच.

ऐकू न आलेल्या शब्दावरून काही केलेलंच नाही असं धरून चालायचं नसतं, हे सकाळीच सिद्ध झालं होतं. तरीही तो कान लावून उभा राहिला.

तिने पर्स उचलली आणि ती काही न बोलता दाराबाहेर निघून गेली.